स्नॅपसीड: फोटो डिलीट करायच्या आधी एकदा वापरून बघाच

फोनमध्ये जागा करायला बसले होते, राजगडचे पावसाळी फोटो सगळे धुरकट, उडवणारच होते, म्हटलं आधी स्नॅपसीड या फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये टाकून बघू. ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, २०१२ पासून गूगलकडे आहे.

ट्यून इमेज या टूलमध्ये बोट वरखाली केलं की ऑप्शन बदलतो नि आडवं फिरवलं की कमी-जास्त होतं, एवढं कळलं की झालं. कॉन्ट्रास्ट जरासा वाढवला आणि धुक्यात हरवलेली संजीवनी माची अशी काही उठून आली की बास! पण खरी मजा सिलेक्टिव्हची, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच बदलणाऱ्या टूलची. छत्रीखाली आईचा चेहरा काळा पडलेला, त्यावर टॅप केलं, दोन बोटांनी गोल लहान केला, ब्राइटनेस वाढवला, चेहरा उजळला आणि मागचं आभाळ जवळपास होतं तसंच.

एचडीआर स्केप हा भडक इफेक्ट मात्र जपून, नाहीतर फोटो चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखा दिसतो (माझे पहिले चार तसेच झाले, ग्रुपवर टाकून मोकळी पण झाले). आणि हललेला फोटो काही सुधारत नाही हं, डिटेल्स हे बारकावे ठळक करणारं टूल कितीही ओढा, नुसते दाणे दिसतात.

सेव्ह करताना एक्स्पोर्ट निवडा, वेगळी कॉपी होते, मूळ फोटो तसाच राहतो.