50 किलोमीटर टोइंग फुकट, पण मोजायचं कुठून? रोडसाइड असिस्टन्सचे दहा महिने

राहायला अमळनेर, गाडी आठ वर्षं जुनी सीएनजी हॅचबॅक. गेल्या ऑगस्टमध्ये रोडसाइड असिस्टन्सचा वर्षाचा प्लॅन घेतला. इन्शुरन्समधला नाही, वेगळा, 1,499 रुपये. वर्षातून चार वेळा मदत, 50 किलोमीटर टोइंग फुकट, पंक्चर, बॅटरी, चावी आत राहिली तर दार उघडून देणं, पेट्रोल संपलं तर पाच लिटर आणून देणं (पेट्रोलचे पैसे आपले). आतापर्यंत तीनदा फोन केला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

पहिला फोन चोपडा रोडवर पंक्चरसाठी. पंक्चर काढणं प्लॅनमध्ये नाहीच, फक्त स्टेपनी बदलून देतात, हे तेव्हा कळलं. त्यांचा माणूस पोचेपर्यंत मीच जॅक लावून मोकळा झालो.

दुसरा फोन फेब्रुवारीतला. सुरतला मावसभावाचं लग्न आटोपून परत येत होतो. खान्देशातल्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी तिकडे उधना-लिंबायतला असतंच, त्यामुळे हा रस्ता पाठ. रात्री साडेनऊला कोंडाईबारी घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर गेला, मग बॉनेटमधून वाफ आणि कूलंटचा तो गोडसर वास. होज, म्हणजे कूलंटचा रबरी पाइप, फाटला होता. गाडीत आई, बायको, दोन पोरं आणि फरसाणाच्या चार पिशव्या. सगळ्यांना उतरवून रेलिंगच्या पलीकडे बसवलं, ट्रँगल मागे लांब ठेवला. ट्रक इतके जवळून जात होते की आई प्रत्येक वेळी पोरांच्या अंगावरून हात फिरवत होती.

कॉल सेंटरवरची मुलगी हिंदीत विचारते, "सर, विसरवाडी कौन सी सिटी में आता है?" मी म्हटलं, नंदुरबार जिल्हा, सुरत-धुळे हायवे. "सर, नजदीकी लँडमार्क?" घाटात कसला लँडमार्क! ॲपमधून लोकेशन पाठवायला एक दांडी नेटवर्क, तीही मधूनच जायची.

मग 1033 लावला. ही राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन, चोवीस तास चालते आणि कुठलाही प्लॅन लागत नाही. त्यांची पेट्रोलिंगची गाडी आधी आली, मागे कोन लावले. पण त्यांची क्रेन रस्ता मोकळा करून देते, तुमच्या गॅरेजपर्यंत नेत नाही. शिवाय राष्ट्रीय महामार्ग सोडून दुसऱ्या रस्त्यावर बंद पडलात तर 1033 उपयोगाचा नाही.

आमची टोइंग व्हॅन बाराला दहा मिनिटं असताना आली, धुळ्याहून. उतरल्या उतरल्या ड्रायव्हर म्हणतो, "काय जयं भाऊ?" अहिराणी ऐकली आणि आईचा जीव भांड्यात पडला. माणूस कामाचा होता. फ्लॅटबेडवर गाडी चढवली, चारही चाकांना पट्टे बांधले, आईला केबिनमध्ये बसवलं. बाकीचे आम्ही दहिवेलच्या जीपने निघालो.

धुळ्यात गाडी उतरवल्यावर हिशेब समोर आला. घाटापासून धुळे ऐंशीच्या आसपास, म्हणजे वरचे तीस किलोमीटर भरावे लागतील असं मी धरून होतो. त्यांनी व्हॅनचं जाणं-येणं मोजलं. एकूण 160, त्यातले 50 माफ, उरलेले 110 वीस रुपयांनी. 2,200 रुपये रोख. मी भांडलो. ड्रायव्हरने शांतपणे मोबाइलवर माझीच पीडीएफ उघडून दाखवली. सातव्या पानावर होतं, बारीक अक्षरात. म्हणजे माझ्या प्लॅनचे 50 किलोमीटर खरे 25च. धुळ्याहून निघालेली व्हॅन अमळनेरला येऊन परत जाईस्तोवर वाटेतच ते संपतात. शहादा-तळोदावाल्यांनी तर विचारूच नये. पुण्यात हे चालत असेल, तिथे गॅरेज चार चौक सोडून असतं.

तिसरा फोन मे महिन्यात, जळगावला. उन्हाळ्याने बॅटरी गेली; उष्णतेने तिच्यातलं पाणी उडतं आणि आतल्या प्लेटा झिजतात. पस्तीस मिनिटांत पोरगा बाइकवर जंप-स्टार्टर घेऊन हजर, पैसे शून्य. शहरात सेवा चांगलीच आहे, त्यात वाद नाही.

ऑगस्टमध्ये इन्शुरन्सचं रिन्युअल आहे. या वेळी वेगळा प्लॅन न घेता त्यातलंच ॲड-ऑन घेणार आहे, स्वस्त पडतं. मात्र नुसत्या थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीच्या) पॉलिसीवर ते मिळत नाही, ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर लागतं. आणि एक गैरसमज माझाही होता: फुल इन्शुरन्स असला की टोइंग मिळतंच. स्टँडर्ड पॉलिसीत ओढून नेण्याचे पैसे अपघात झाला तरच मिळतात, तेही खासगी कारला 1,500 रुपयांपर्यंत. होज फाटला, बॅटरी गेली, तर काही नाही.

आता तीन कंपन्यांना फोन करून एकच विचारलं: रात्री दहाला कोंडाईबारी घाटात बंद पडलो तर गाडी कुठून येईल, किती वेळात, आणि किलोमीटर कुठून मोजाल? पहिला म्हणाला, "नजदीकी व्हेंडर से, सर." दुसऱ्याने 45 मिनिटं सांगितली. तिसऱ्याने मला होल्डवर ठेवलं, कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "धुळ्याहून येईल, दोन-अडीच तास धरा. किलोमीटर गाडी उचलली तिथपासून." ईमेलवर लिहून द्या म्हटलं, तर त्याने तेही दिलं. पॉलिसी त्याच्याकडूनच घेतोय.