डेंटल हायजिनिस्ट कोर्सच्या नावाखाली 85,000 ला चुना, नाशिककरांनो वाचा

इन्स्टिट्यूटचं नाव टाकत नाही, वकिलाने नको म्हटलंय. "दातांच्या दवाखान्यात हमखास नोकरी, एका वर्षात डिप्लोमा" अशा जाहिराती तुम्हीही बघितल्या असतील, त्यातलंच हे प्रकरण. हायजिनिस्ट म्हणजे दवाखान्यात रुग्णांचे दात साफ करणारी.

धाकट्या बहिणीचं बारावी कॉमर्स. मी तिथल्या मॅडमला पहिल्याच दिवशी विचारलं होतं की सायन्स लागत नाही का, तर म्हणे "दादा, काही काळजी करू नका, आपला कोर्स ऑटोनॉमस आहे". इथेच उठून यायला पाहिजे होतं! पण समोर भिंतीवर आयएसओचं सर्टिफिकेट, ट्रस्टचा रजिस्ट्रेशन नंबर, आणि वर "आरोग्य विद्यापीठ तर आपल्या म्हसरूळलाच आहे ना" असं ती इतकं सहज बोलली की कुणालाही वाटेल ह्यांचं तिथेच संलग्न असणार. संलग्न आहे असं ती एकदाही म्हणाली नाही, हे आता लक्षात येतंय. अंबडच्या कंपनीत शिफ्ट ड्युटी करणारा माणूस डेंटल कौन्सिलचे (दातांच्या डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेचे) नियम कुठून पाठ करणार सांगा.

हिशोब असा, प्रवेश 15,000, दोन हप्ते 30,000 प्रमाणे, किट आणि ॲप्रन 6,500, परीक्षा फी 3,500. पावती फक्त पहिल्या 45,000 ची, बाकी कॅश, "डेव्हलपमेंट"च्या नावाखाली साध्या चिठ्ठीवर. दुसरा हप्ता वडिलांनी कांद्याच्या पट्टीतून दिला.

प्रॅक्टिकलला अख्ख्या बॅचमध्ये एक डेंटल चेअर. बहीण सांगायची की थुंकायच्या भांड्याला पाईपच नाही, खाली बादली ठेवलीय. स्केलिंग, म्हणजे दातांवरचा थर खरवडून काढणं, शिकवलं ते प्लास्टरच्या दातांवर, तेही बहुतेक वेळा लांबून बघायचं.

कोर्स संपल्यावर एका डॉक्टरांकडे इंटरव्ह्यूला गेली तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, स्टेट डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का. तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. कायद्याप्रमाणे हायजिनिस्टचं वेगळं रजिस्टर असतं, त्यात नाव लागायला मान्यताप्राप्त कॉलेजचा दोन वर्षांचा डिप्लोमा लागतो, आणि त्याला ॲडमिशनच बारावी सायन्सवर, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी घेऊन. मान्यता असलेल्या कॉलेजांची यादी दातांच्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या साईटवर असते, फी भरायच्या आधी ती उघडा, "ऑटोनॉमस" शब्द ऐकला तर दोनदा उघडा. आणि दवाखान्यात खुर्चीजवळ मदत करणारी असिस्टंट वेगळी, दात साफ करणारी हायजिनिस्ट वेगळी, हे लोक मुद्दाम दोन्हीची खिचडी करतात.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनला साहेब म्हणाले "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्स तर दिला ना त्यांनी?" अहो पण कसला कोर्स! अर्जावर शिक्का मारून पोच द्यायलाही तयार नाहीत. एका सरकारी ऑफिसात सांगितलं खासगी क्लास आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे म्हणे दातांचं म्हणजे मेडिकलवाल्यांकडे जा, तिथे म्हणे आमची मान्यताच नाही तर आम्ही कारवाई कशावर करू. म्हणजे मान्यता नाही म्हणून फसवणूक झाली, आणि मान्यता नाही म्हणूनच कुणी हात लावणार नाही. सगळेजण चहा पीत ऐकतात आणि शेवटी "लेखी द्या" म्हणतात, लेखी दिलं की साहेब मीटिंगला.

शेवटी वकिलाच्या सांगण्यावरून जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं, हे कुणी ऑफिसवाला सांगत नाही. 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नंबर घेऊन ठेवा. ओरिजिनल मार्कशीट अजिबात जमा करू नका, बहिणीची अजून त्यांच्याकडेच अडकलीय, मागायला गेलं की "बाकी 2,000 भरा".

परवा नव्या बॅचची जाहिरात आली, फी आता 92,000. कुणी टोकन भरलं असेल तर पुढचा हप्ता आजच थांबवा, आणि ज्यांच्याकडे कॅश दिल्याच्या चिठ्ठ्या आहेत त्यांनी मला मेसेज करा, तक्रार एकत्रच टाकू.