भिंत पाडून गर्डर टाकला: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत पाडून टाकलेल्या गर्डरच्या, म्हणजे आडव्या लोखंडी तुळईच्या, वरच्या कडेला, नवं प्लास्टर जुन्या भिंतीला मिळतं तिथे, केसाएवढी भेग आहे. यातला बराच मजकूर तिच्याबद्दलच असणार, आधीच सांगते. हॉल आणि स्वयंपाकघर एक झालं, आल्यागेल्यांनी कौतुक केलं, सगळं खरं. पण सोफ्यावर बसलं की माझी नजर त्या रेघेवरच जाते.

आमची पार्ल्यातली इमारत साठच्या दशकातली, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बांधकाम लोडबेअरिंग, म्हणजे भार विटांच्या भिंतींवर. पाडली ती भिंत नऊ इंची, वरचा स्लॅब आणि वरच्यांची भिंत पेलणारी. साडेचार इंची पार्टिशन असतं तर एवढं रामायण झालंच नसतं. इंजिनिअरचं ड्रॉइंग, पालिकेची परवानगी आणि डिपॉझिट, हे झाल्याशिवाय सोसायटीच्या कमिटीने छिन्नी लावू दिली नाही. तेव्हा मी खूप बडबडले. पण २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जण गेले, आणि तळमजल्यावरच्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला, हे मुंबईतली कुठली कमिटी विसरेल?

गर्डर दोन, २०० मिलिमीटर उंचीचे, मीटरला साधारण २५ किलो. उघडं अंतर दहा फूट, दोन्हीकडे भिंतीवर टेकणारा भाग, म्हणजे टेक, धरून प्रत्येकी अकरा फुटांच्या वर, म्हणजे एकेक नग ८५ किलोंचा. तो जिन्याच्या वळणावर फिरेना. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘ताई, मधोमध कापतो, वर नेऊन वेल्डिंग मारतो, कळणार पण नाही.’ इंजिनिअरने फोनवरच उडवून लावलं: वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण मधोमधच येतो, तिथेच जोड द्यायचा म्हणजे काय? शेवटी दोर लावून गॅलरीतून घेतले. अख्खी वाडी खाली उभी राहून सूचना देत होती.

बसवायची पद्धत मात्र मला फार आवडली. भिंत एकदम पाडत नाहीत. आधी टेकू लावून एका बाजूने अर्ध्या जाडीची खाच घेतात, पहिला गर्डर सरकवतात, त्याच्या वरची फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या मिश्रणाने) ठासून भरतात. ते पक्कं झालं की दुसऱ्या बाजूने दुसरा. दोघांना बोल्टने बांधलं की मगच खालच्या विटा काढायच्या. जे वजन दहा फुटांवर पसरलेलं होतं ते आता दोन टोकांवर येतं, म्हणून टेकीखाली काँक्रीटचे ठोकळे आणि प्लेट. टेकूंचा भार आमच्या लादीवर येणार म्हणून खालच्या काकूंच्या हॉलमध्येही टेकू उभे राहिले. त्यांनी ते कसे सहन केले त्यांनाच माहीत. आमच्याकडून पुरणपोळ्या गेल्या, पण ती काही भरपाई नव्हे.

पाडलेली भिंत साडेतीन टनांच्या आसपास भरते. ती गोण्यांतून, जिन्यावरून, बिगाऱ्यांच्या पाठीवर खाली गेली. कोटेशनमध्ये ‘डेब्रिज वेगळं’ (राडारोड्याचे पैसे निराळे) हे दोन शब्द बारीक अक्षरात असतात, तेवढे आधी वाचा.

आता भेग. पावसाळ्याच्या तोंडावर दिसली. कॉन्ट्रॅक्टर आला, ‘प्लास्टरची आहे’ म्हणाला, पुट्टी मारून गेला. परत आली. परत पुट्टी. त्यानंतर फोन उचलणं बंद. मी शेवटचा हप्ता रोखून धरला होता, म्हणून निदान मेसेजला उत्तर तरी येत होतं. माझी खात्रीच झाली होती की ग्राउट नीट भरलेलं नाही आणि गर्डर खाली बसतोय.

मग इंजिनिअरला पुन्हा फी देऊन बोलावलं. त्याने भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहिली आणि गर्डरखाली दोरी ताणून झोल, म्हणजे तो मधोमध किती वाकलाय ते, पाहिला. दहा फुटांना सुमारे साडेआठ मिलिमीटर, म्हणजे लांबीचा ३६० वा भाग, इतका झोल नियमात बसतो. आमचा जेमतेम दिसला. टेकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी भेग असती तर घाबरायचं, म्हणाला. ही कडेने आडवी जाते, कारण लोखंड, वीट आणि नवं प्लास्टर सारखं फुगत-आकसत नाहीत. पावसाळा गेला, भेग पेन्सिलच्या खुणेपुढे गेली नाही. थोडक्यात, निदान कॉन्ट्रॅक्टरचंच बरोबर होतं. उपाय चुकीचा होता. त्या सांध्यावर पुट्टी टिकत नाही. तिथे मुद्दाम सरळ खाच सोडायची. ती मी दुसऱ्या माणसाकडून करून घेणार आहे आणि पैसे त्याच हप्त्यातून कापणार आहे.

वापराचं म्हणाल तर उजेड आणि वारा दोन्ही आले, दुपारी ओट्यापाशी दिवा लागत नाही. सासूबाई भाजी निवडता निवडता मालिका बघतात. बोंबील तळले की सोफ्याच्या कव्हरांना दोन दिवस वास येतो. चिमणीचा खर्च धरूनच चाला. गर्डर जिप्समच्या खोक्यात झाकू नका. आमचा रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारून, जाळी गुंडाळून प्लास्टर केलेला आहे: वाफेने गंजत नाही, आणि आगीत उघडं लोखंड लवकर नरम पडतं तेही टळतं.

लोखंड जेमतेम बारा हजारांचं. त्याच्या कितीतरी पट गेले मजुरी, टेकू, डेब्रिज आणि फिनिशिंगमध्ये. वरचे जोशीकाका भेटले की विचारतात, इमारत पुनर्विकासाला जायचीच आहे, मग एवढा खर्च कशाला? ती चर्चा मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. तरी इमारत पाडायची वेळ आलीच, तर १७० किलो भंगार आमचं की बिल्डरचं, हे मी कमिटीला लेखी विचारून ठेवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.