अनुलोम-विलोम की आनापान? पहाटेच्या डुलकीचा हिशेब

रोज वीस मिनिटं काढायचं पक्कं झालं, आता ती योगातल्या अनुलोम-विलोमाला द्यावीत की बौद्ध परंपरेतल्या आनापानाला, इथे बरेच जण अडतात. मराठवाड्याला दोन्ही वाटा घरच्याच आहेत. योगमार्गाला ‘पंथराज’ म्हणणारे ज्ञानेश्वर पैठणजवळच्या आपेगावचे, आणि वेरूळची पहिली १२ लेणी बौद्ध. आजही २१ जूनला शाळेच्या मैदानावर प्राणायाम होतो आणि गल्लीतल्या विहारात आनापान. सतरंजीपलीकडे दोन्हींना काही लागत नाही.

फरक एका ओळीचा आहे. अनुलोम-विलोमात श्वास आपण चालवतो, आनापानात तो जसा चालतो तसा पाहतो. पण रोजच्या बैठकीत या एका ओळीतून बरंच काही निघतं.

आधी अनुलोम-विलोम. ढुंगणाखाली घोंगडीची दोन-तीन इंचांची घडी घ्यावी, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठ ओढून धरावी लागत नाही. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे दुमडायचं. अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डाव्या. नाकाचं हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथे बोट नुसतं टेकवायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं: जोरात दाबलं की मधला पडदा सरकतो आणि उघडी नाकपुडीही अर्धी बुजते. मग श्वास ओढावा लागतो, आवाज येतो, आणि दहा मिनिटांनी डोकं हलकं होण्याऐवजी जड होतं. श्वास शेजारी बसलेल्याला ऐकू जाऊ नये, एवढं एक माप पुरतं.

डावीकडून चार आकडे आत, उजवीकडून चार बाहेर. मग उजवीकडून आत, डावीकडून बाहेर. हे एक आवर्तन. आठवडाभर चारास चार, मग चारास सहा, आणि सहज जमलं तरच चारास आठ. सेकंदाला एक आकडा धरला तर चारास आठचं आवर्तन २४ सेकंदांचं होतं, म्हणजे दहा मिनिटांत २५. श्वास सोडून झाल्यावर पुढचा घाईने, हपापून घ्यावा लागला, तर आकडा मोठा झाला असं समजून एकने कमी करावा. श्वास कोंडण्याच्या, म्हणजे कुंभकाच्या, वाटेला घरच्या घरी जाऊ नये. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, पोटुशी बाई असेल, तर मुळीच नको.

याची खोट म्हणजे पोट रिकामं लागतं, जेवणानंतर तीन-चार तास तरी. आणि नाक मोकळं लागतं. एक नाकपुडी थोडी बंद असणं मात्र आजार नव्हे. काही तासांनी नाकपुड्यांची पाळी आपोआप बदलत असते. डावी बंद वाटली तर पाच मिनिटं उजव्या कुशीवर पडावं, ती सुटते. धुळीच्या दिवसांत जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, उपयोगी पडते: अर्धा लिटर कोमट पाण्यात सपाट चमचाभर मीठ. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. बोअरचं किंवा टँकरचं तसंच नाकात घालणं धोक्याचं आहे. नंतर पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके फुत्कार टाकावेत. पाणी आत राहिलं तर दिवसभर डोकं ठणकतं.

आनापानाची कृती याहून साधी. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, तेवढ्या जागेवर लक्ष ठेवायचं. श्वास लांब असो, आखूड असो, डावीकडून असो की उजवीकडून, त्यात ढवळाढवळ करायची नाही. आकडे नाहीत, नाम नाही. मन निघून गेलं की न चिडता परत आणायचं. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची, म्हणजे मौन राखून करायच्या ध्यानाची, दहा दिवसांची शिबिरं होतात. त्यांतले पहिले तीन दिवस एवढंच करवतात. तिथे शिबिराच्या काळात प्राणायाम बाजूला ठेवायला सांगतात, हे जाणाऱ्याने आधीच माहीत करून घ्यावं. मन फार खचलेलं असेल, जुनी जखम ताजी असेल, तर दहा दिवसांच्या मौनाआधी डॉक्टरांशी बोलावं.

बाहेरच्या जगात आनापान सरळ पुढे आहे. एसटीत, बँकेच्या रांगेत, बाजार समितीत भाव पुकारले जात असताना नाकाला हात लावून बसता येत नाही. ओठावरच्या जागेकडे लक्ष मात्र कुठेही नेता येतं, भरल्या पोटीही. राग चढताना दहा श्वास पाहिले तरी तोंडातून जाणारा शब्द अडतो, हा माझा अनुभव आहे.

तरी पहाटेच्या बैठकीसाठी माझं माप दुसरीकडे झुकलं, ते डुलकीमुळे.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि त्यात लाईट गेली की कूलरही बंद. माळवदावर झोपणाऱ्यालासुद्धा खरी झोप दोन-तीनला लागते. पाचला उठून बसावं, तर नेमकी तेव्हाच हवा गार झालेली असते. डोळे मिटलेले, पाठ भिंतीला, हाताला काम नाही, आकडा नाही. शरीर राहिलेली झोप वसूल करणारच.

आनापानात डुलकीवर उपाय आहेत: चार श्वास मुद्दाम जोरात घ्यावेत, तोंडावर पाणी मारावं, उभं राहावं. पण उपाय करायला आधी डुलकी लागल्याचं कळायला हवं, आणि ती येते तीच कळू न देता. हनुवटी छातीकडे जाते, वीस मिनिटं सरतात, उठल्यावर गोड वाटतं, आणि माणूस म्हणतो, आज काय छान ध्यान लागलं! असं महिनोन्‌महिने चालू शकतं. झोप झाली म्हणून बरं वाटतं ते खरंच, पण दुपारी दुकानावर कुणी वाकडं बोललं की मन पहिल्याइतकंच भडकतं. श्वासाकडे पाहण्याचा सराव झालेलाच नसतो.

अनुलोम-विलोमात उचललेला हात राखण करतो. पेंग आली की स्नायू सैल पडतात, कोपर खाली येतं, अंगठा नाकावरून घसरतो, दोन्ही नाकपुड्या उघडतात आणि मोजणी तुटते. कळायला एक श्वाससुद्धा पुरतो. नवख्याला हात वर धरणं हाच त्रास वाटतो, आणि पहिल्या पंधरवड्यात खांदा भरून येतो हे खरं. डावा तळवा उजव्या कोपराखाली द्यावा, मान उजवीकडे कलत नाही ना ते पाहावं. खांदा सैल राहिला की पुढे दुखत नाही. ज्यांची रात्रीची झोप पक्की आहे, त्यांना ही अडचण कदाचित जाणवणारही नाही. त्यांनी खुशाल आनापान धरावं.

बाकीच्यांनी भिंतीपासून हातभर पुढे सरकून दहा-बारा मिनिटं अनुलोम-विलोम करावं, मग हात मांडीवर ठेवून उरलेला वेळ आनापान. तोवर झोप उतरलेली असते, श्वास आपोआप बारीक झालेला असतो आणि ओठावर त्याचा स्पर्श लवकर सापडतो. रात्री अंथरुणात मात्र नुसतं आनापान, कारण तिथे डुलकी हवीच असते. आणि सोयाबीनची रास चालू असते, भुशाने नाक चोंदतं आणि जलनेतीनेही सुटत नाही, त्या पंधरा दिवसांत हात लावूच नये. पहाटेही आनापानच करावं, पण डोळे अर्धे उघडे ठेवून, समोर हातभर अंतरावर नजर टेकवून.