पोर्टलँड मॅव्हरिक्स आणि सेंट पॉल सेंट्स : स्वतंत्र बेसबॉलच्या दोन वाटा

अमेरिकेतील बहुतेक कनिष्ठ बेसबॉल संघांच्या खेळाडूंचे वेतन मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील पालकसंघ देतात. स्वतंत्र संघाला मात्र खेळाडू स्वतःच शोधावे आणि पोसावे लागतात. अभिनेते बिंग रसेल यांनी १९७३ मध्ये ऑरेगॉनमध्ये उभारलेल्या पोर्टलँड मॅव्हरिक्सने खुल्या चाचण्या घेऊन इतरांनी नाकारलेल्या खेळाडूंना संधी दिली आणि मोठी गर्दी खेचली. परंतु पॅसिफिक कोस्ट लीग या वरच्या दर्जाच्या कनिष्ठ स्पर्धेने शहरावर पुन्हा हक्क सांगितल्यामुळे १९७७ च्या हंगामानंतर संघ संपुष्टात आला. शहर गमावल्याबद्दल रसेल यांनी लवादापुढे लढून २,०६,००० डॉलरची भरपाई मिळवली, आणि मला हा लढा मैदानावरील विजयांइतकाच मोलाचा वाटतो.

मिनेसोटातील सेंट पॉल सेंट्स १९९३ मध्ये स्वतंत्र नॉर्दर्न लीगमध्ये उतरला. डॅरिल स्ट्रॉबेरी हा खेळाडू १९९६ मध्ये येथूनच मेजर लीगच्या न्यूयॉर्क यांकीज संघाकडे गेला, तर १९९७ मध्ये आयला बॉर्डर्स या महिला पिचरने (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने) येथे पदार्पण केले. स्वातंत्र्याच्या निकषावर मी मॅव्हरिक्सला वरचे स्थान देईन; टिकाव मात्र सेंट्सने धरला, कारण २०१५ मध्ये नव्या मैदानात गेलेला हा संघ २०२१ पासून मेजर लीगच्या मिनेसोटा ट्विन्सशी संलग्न होऊन खेळतो.