कांद्यात ऑक्सिफ्लोरफेन: पाच महिन्यांनंतर

लागवडीपासून काढणीपर्यंत आणि पुढचे काही आठवडे साठवण, असे पाच महिने झाले. औषध ऑक्सिफ्लोरफेन 23.5 टक्के ईसी, म्हणजे पाण्यात मिसळायचं तेलकट तणनाशक, फवारण्या दोन. मधल्या चार वाफ्यांत मुद्दाम काहीच मारलं नाही, तिथे फक्त खुरपणी केली. हे चार वाफे ठेवले नसते, तर आज पाचपैकी पाच गुण देऊन मोकळा झालो असतो.

तणावर काम चोख आहे. रुंद पानांची कोवळी तणं दुसऱ्या दिवशी दुपारी करपलेली होती. लव्हाळा आणि हराळीचं काही बिघडत नाही, तण मोठं झालं असेल तर नुसता शेंडा जळतो आणि खालून पुन्हा फुटतं.

आता पिकाचं. पहिली फवारणी कोरड्या, लख्ख उन्हाच्या दिवसांत झाली. पातीवर चार-दोन पांढरे ठिपके आले, बाकी काही नाही. दुसरीच्या आधी तीन दिवस ढग आणि रिमझिम होती. ऊन पडलं तशी घाई केली, वर गवतासाठी क्विझालोफॉप हे दुसरं तणनाशक आणि औषध पानाला चिकटवणारं स्टीकरही त्याच पंपात मिसळलं. दुसऱ्या दिवशी पातीवर पांढरे पट्टे होते आणि त्या जागी पात मोडून खाली लोंबत होती.

यामागचं कारण नंतर वाचून कळलं. हरितद्रव्य तयार होण्याच्या वाटेवरचं एक विकर (एन्झाइम) हे औषध अडवतं. मग अर्धवट माल हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतल्या हरितद्रव्याच्या कप्प्याच्या, बाहेर झिरपतो आणि तिथे त्याचं प्रोटोपॉर्फिरिन हे उजेड शोषणारं रंगद्रव्य होतं. त्यावर उजेड पडला की साध्या ऑक्सिजनचा सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे त्याचं फार जहाल रूप, होतो. तो मायक्रोसेकंदांपुरताच टिकतो, पण तेवढ्यात पेशीच्या पडद्यातली चरबी जाळतो, पडदा फाटतो आणि पेशीतलं पाणी बाहेर येतं. अशा ऑक्सिजनला विझवणारी कॅरोटिनॉइड (पिवळी-केशरी रंगद्रव्यं) हरितलवकात असतात. आग लागते ती त्यांच्या आवाक्याबाहेर. म्हणूनच हे औषध अंधारात जवळजवळ काही करत नाही, उन्हातच पेटतं.

कांदा वाचतो त्यात पातीवरच्या मेणाचा वाटा मोठा. ढगाळ, ओल्या दिवसांत ते मेण पातळ राहतं. तेलकट स्टीकर आणि दुसरं ईसी औषध मिसळलं की उरलेली आडही जाते. माझी चूक नेमकी इथे झाली.

पांढरे पट्टे पाहून सगळे म्हणतात, पीक शॉकमध्ये आहे, आठवड्यात सावरेल. नवी पात हिरवीगार आलीही. पण बाहेरची जुनी पात फवारलेल्या वाफ्यांत लवकर पिवळी पडायला लागली, खुरपलेल्या वाफ्यांत ती तेव्हा ताठ उभी होती. ताण बसला की झाड इथिलीन हा पानं म्हातारी करणारा वायू जास्त सोडतं, म्हातारपणाची घडी पुढे सरकते, जुन्या पानातलं हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडतात आणि प्रथिनांतलं नत्र नव्या पानाकडे जातं. त्यामुळे मधोमध हिरवं दिसतं आणि आपण निश्चिंत होतो.

पीक सावरावं म्हणून मी 19:19:19 हे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत फवारलं. मेलेली पेशी खताने जिवंत होत नाही, एवढं त्यातून पक्कं समजलं. युरिया तर त्या दिवसांत टाळाच, कोवळी लुसलुशीत पात पुढच्या फवारणीला आणखी हळवी असते.

काढणीला खुरपलेल्या वाफ्यांतला कांदा डोळ्यांना दिसेल इतका मोठा होता. कांद्याची एकेक पाकळी म्हणजे एकेका पातीचं बूड. पात अकाली गेली की तिच्या पाकळीला भरायला वेळच मिळत नाही. माना मात्र (कांदा तयार झाल्याची खूण) दोन्हीकडे साधारण एकाच वेळी पडल्या आणि साठवणीतही अजून फरक जाणवलेला नाही.

पहिल्या फवारणीला साडेचार गुण, दुसरीला दीड. पुढच्या हंगामात हे पुन्हा वापरणार आहे, पण एकदाच आणि एकटंच, ढग सरून दोन-तीन दिवस कडक ऊन पडल्यावर. उरलेलं तण खुरप्याने काढेन. ते चार वाफे पुन्हा ठेवणार, या वेळी दोन वेगवेगळ्या टोकांना.