ठरलेली तारीख, ‘तयार झाल्यावर’ की दर सहा आठवड्यांनी? मुक्तस्रोत प्रकल्पासाठी रिलीजची पद्धत निवडताना

रिलीजची, म्हणजे नवी आवृत्ती सर्वांसाठी काढण्याची, पद्धत निवडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर लिहून काढा: नवा कोड सर्वांच्या हाती जाण्याआधी तो कोण, किती दिवस आणि कोणत्या यंत्रांवर वापरून बघणार? तीनही पद्धतींतला खरा फरक इथे आहे.

ठरलेली तारीख

शिस्तीचा नमुना म्हणजे लिनक्स कर्नल, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. दोन आठवडे मर्ज विंडो (नवा कोड मुख्य शाखेत मिसळण्याची मुदत) उघडी असते, नवं काम तेवढ्यातच आत येतं. मग आरसी-१ (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, अंतिम होऊ शकेल अशी चाचणी आवृत्ती) निघते आणि पुढे दर रविवारी एक आरसी. या काळात फक्त दुरुस्त्या घेतात. आरसी-७ किंवा आरसी-८ नंतर अंतिम आवृत्ती येते, म्हणजे एक फेरी ९ ते १० आठवड्यांची. गाडी चुकली तरी पुढची जवळच असते, त्यामुळे कच्चं काम घाईघाईने आत ढकलण्याचा मोह कमी होतो. अनेक छोटे प्रकल्प ही मर्ज विंडो उचलतात, पण तिच्यामागची लिनक्स-नेक्स्ट शाखा विसरतात. तिथे सगळ्यांचं काम आधीच एकत्र करून बिल्ड होतं, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनवून बघतात. ती पायरी गाळली, तर दोन आठवडे मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी न जुळणारे बदल) सोडवण्यातच जातात.

फेरी लांब असली की चुकलेली गाडी महाग पडते. पोस्टग्रेस हा डेटाबेस वर्षातून एकच मुख्य आवृत्ती काढतो: एप्रिलमध्ये फीचर फ्रीझ (यानंतर नवी फीचर्स घेत नाहीत), मग बीटा (चाचणी आवृत्त्या) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास रिलीज. २०२२ मध्ये आवृत्ती १५ चे बीटा निघाल्यानंतर एसक्यूएल/जेसनचं (डेटाबेसच्या भाषेतून जेसन स्वरूपातला डेटा हाताळण्याचं) बहुप्रतीक्षित काम मागे घेतलं गेलं. ती आवृत्ती ऑक्टोबरमध्ये आली, पण त्या कामातलं जेसन_टेबल हे फीचर थेट २०२४ च्या आवृत्ती १७ मध्ये पोहोचलं. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यासाठी हे जड होतं, तरी निर्णय योग्यच होता. तारीख पाळायची तर फीचर बाहेर काढण्याची तयारी हवी आणि ते काढता येईल इतकं सुटं लिहिलेलं हवं. दहा ठिकाणी गुंतलेलं काम फ्रीझनंतर निघत नाही, मग तारीखच सरकते.

ठरलेल्या तारखेचा आणखी एक लाभ आपल्या जवळचा आहे. ग्नोम या डेस्कटॉपसारख्या सहामाही फेरीच्या प्रकल्पात स्ट्रिंग फ्रीझ असतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर त्यानंतर बदलत नाहीत. तो पाळला गेला तरच मराठी अनुवाद करणाऱ्या स्वयंसेवकांना शेवटचे काही आठवडे स्थिर मजकूर मिळतो.

तयार झाल्यावर

या पद्धतीचं उदाहरण म्हणजे डेबियन ही लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. तिची ३.० आवृत्ती जुलै २००२ ची आणि ३.१ थेट जून २००५ ची. जवळजवळ तीन वर्षं लोक जुनीच पॅकेजेस वापरत होते. आता तिथे फ्रीझच्या तारखा आधी जाहीर होतात आणि रिलीजची तारीख मात्र रिलीज-क्रिटिकल (रिलीज अडवण्याइतके गंभीर) बग आटोक्यात आल्यावर ठरते. एरवीही अनस्टेबल या नव्या कामाच्या शाखेतलं पॅकेज बदलाच्या निकडीनुसार साधारण २ ते १० दिवस थांबून, नवे गंभीर बग नसतील आणि स्वयंचलित चाचण्या बिघडत नसतील तरच टेस्टिंग या पुढच्या रिलीजच्या शाखेत जातं. डिस्कवरचा डेटा फॉरमॅट बदलत असेल किंवा पहिलीच १.० असेल, तर हीच पद्धत घ्या. पण फ्रीझची तारीख मोकळी सोडू नका. ती नसेल तर ‘एवढं एक घेऊ’ म्हणत काम वाढतच जातं.

दर सहा आठवड्यांनी

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नाइटलीवरचा (रोज निघणाऱ्या आवृत्तीतला) कोड सहा आठवडे बीटामध्ये राहतो, मग स्टेबल (सर्वांसाठीचा) होतो. अपुरी फीचर्स नाइटलीपुरती बंदिस्त असतात. क्रेटर हे साधन सार्वजनिक क्रेट्स (रस्टमधली पॅकेजेस) मोठ्या संख्येने नव्या कंपायलरवर बांधून तपासतं. असं यंत्रबळ नसताना सहा आठवड्यांची फेरी धरली, तर चाचणी वापरकर्त्यांच्याच गळ्यात पडते.

निवड

तीन-चार देखभालकर्त्यांच्या प्रकल्पाला आमचा सल्ला: तीन ते चार महिन्यांची ठरलेली फेरी, त्यात शेवटचे तीन आठवडे फ्रीझ.

फ्रीझच्या पहिल्या दिवशी रिलीज ब्रांच (त्या आवृत्तीची शाखा) वेगळी करा. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत, मग चेरी-पिक करून (तेवढाच बदल उचलून) रिलीज ब्रांचमध्ये. उलट केलंत तर कधीतरी ती मुख्य शाखेत न्यायची राहते आणि तोच बग पुढच्या आवृत्तीत परततो. ब्लॉकर, म्हणजे रिलीज अडवणारा दोष, कशाला म्हणायचं ते फ्रीझआधी लिहून ठेवा: डेटा जाणे, इन्स्टॉल किंवा अपग्रेड न होणे, सुरक्षेतलं भगदाड, आधी चालणारी गोष्ट बंद पडणे. फेडोरा या लिनक्स वितरणात असे लेखी निकष आणि गो/नो-गो (रिलीज करायचं की नाही हे ठरवणारी) बैठक असते. ब्लॉकर उरला तर रिलीज पुढे ढकललं जातं. निकष आधी ठरलेले नसतील, तर ज्याचा आवाज मोठा त्याचा बग ब्लॉकर ठरतो.

अपग्रेडची चाचणी मागच्या दोन आवृत्त्यांवरून करा, तीही जुन्या, भरलेल्या डेटावर. रिकाम्या डेटाबेसवर मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत नेणं) जवळपास नेहमीच पास होतं. कधी पास, कधी नापास होणाऱ्या चाचण्या फ्रीझआधी दुरुस्त करा किंवा वेगळ्या काढा. नाहीतर ‘पुन्हा चालवा’ची सवय लागते आणि त्यातून खरा बिघाडही निसटतो. शेवटच्या आरसीनंतर आठवडाभर एकही बदल नको. बदल झालाच तर नवी आरसी काढा. अंतिम आवृत्ती आणि शेवटची आरसी यांत आवृत्ती क्रमांकाखेरीज फरक नसावा.

जुन्या आवृत्त्यांचा हिशोबही आत्ताच करा. पोस्टग्रेस प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या देतो, म्हणजे एकाच वेळी पाच शाखा सांभाळतो. रस्टमध्ये दुरुस्त्या सहसा ताज्या स्टेबललाच मिळतात. चार महिन्यांच्या फेरीत दोन वर्षांचा पाठिंबा कबूल केलात, तर सहा शाखांवर सुरक्षा दुरुस्ती न्यावी लागेल. तेवढी माणसं नसतील तर रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) स्पष्ट लिहा: दुरुस्त्या फक्त ताज्या आणि तिच्या आधीच्या आवृत्तीला मिळतील.